छर्रा किती वजनाचा असावा ?

जत्रेंत गेलेल्या प्रत्येकानें फुगे फोडण्याच्या दुकानापुढें मांडलेली हवेची बंदूक पाहिलेली असते. नळी खालीं वांकवून आंतील स्प्रिंग दाबावयाची, नळीच्या मागल्या तोंडांत शिशाचा लहानसा छर्रा बसवावयाचा, नळी सरळ करून नेम धरावयाचा आणि चाप ओढावयाचा; एवढाच तिचा व्यवहार. दारू नाहीं, धूर नाहीं, काडतूस नाहीं. म्हणून हें एक खेळणें आहे, त्यांत विचार करण्यासारखें काय असावयाचें, असें आपणांस वाटतें. परंतु ह्या खेळण्याच्या पोटांत एक फार जुना प्रश्न दडलेला आहे. छर्रा हलका घ्यावा कीं जड घ्यावा ? हलका छर्रा वेगानें जातो. जड छर्रा सावकाश जातो, पण जोरानें बसतो. मग खरें बळ कोणतें ? वेगाचें कीं वजनाचें ? ह्या प्रश्नावर युरोपांतील थोर थोर पंडित अर्धशतकाहून अधिक काळ भांडत होते. वेग मोजण्याचें यंत्र ज्या इंग्रज गणितज्ञानें केलें, त्यास मरण आलें तें आपल्याच देशाच्या किनाऱ्यावर. आणि आजही नवी बंदूक घेणारा तरुण पेटीवर छापलेला वेगाचा आंकडा तेवढा पाहतो, वजनाचा पाहत नाहीं. ह्या वादाचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

आरंभीं मापांची ओळख करून घेऊं. छर्ऱ्याचें वजन बहुधा 'ग्रेन' ह्या इंग्रजी मापानें सांगतात. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा. असे ७००० ग्रेन मिळून एक पौंड होतो. आपल्याकडे ८ गुंजांचा एक मासा व १२ माशांचा एक तोळा असें कोष्टक लहानपणीं पाठ केलेलें ज्यांना आठवत असेल, त्यांना हिशेब सोपा आहे. इंग्रजी अंमलांत १८३३ सालीं जो तोळा ठरविण्यांत आला, तो १८० ग्रेनांचा होता. म्हणजे मासा १५ ग्रेनांचा, आणि अर्धा मासा, अर्थात् चार गुंजा, बरोबर साडेसात ग्रेनांच्या. आज ४·५ मिलिमीटर नळीच्या बंदुकीचे छर्रे साधारणपणें ७ पासून १०·५ ग्रेनांपर्यंत मिळतात. ५·५ मिलिमीटर नळीचे सुमारें १२ पासून २१ ग्रेनांपर्यंत. चार गुंजा आणि साडेपांच गुंजा ह्यांतील अंतर सोनाराच्या कांट्याखेरीज कोणास कळावयाचें नाहीं. पण बंदुकीस तें कळतें, आणि तें कसें कळतें हेंच आपणांस पाहावयाचें आहे.

आतां वादाकडे वळूं. सतराव्या शतकांत फ्रेंच तत्त्ववेत्ता देकार्त ह्यानें असें प्रतिपादन केलें कीं, चालत्या वस्तूची शक्ति म्हणजे तिचें वजन गुणिलें तिचा वेग. १६८६ सालीं जर्मन पंडित लाइब्निट्स ह्यानें त्यास आव्हान दिलें. त्याचें म्हणणें, वेगानें एकदां गुणून भागत नाहीं, दोनदां गुणिलें पाहिजे. देकार्तच्या मतें वेग दुप्पट झाला तर शक्ति दुप्पट होते. लाइब्निट्सच्या मतें ती चौपट होते. दोन्ही बाजूंस नांवाजलेले विद्वान् उभे राहिले. अखेर १७२२ सालीं हॉलंडांतील लायडन येथील प्राध्यापक ग्राव्हेसांड ह्यानें शब्दांचा खल सोडून प्रयोग केला. त्यानें पितळेचे गोळे निरनिराळ्या उंचीवरून मऊ मातीच्या थरावर सोडले व पडलेले खळगे मोजले. दुप्पट वेगानें पडलेल्या गोळ्यानें चौपट खळगा पाडला. मादाम द्यु शातले ह्या विदुषीनें १७४० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या भौतिकशास्त्राच्या ग्रंथांत ह्या प्रयोगाचा आधार घेऊन लाइब्निट्सची बाजू उचलून धरली. पुढें असें दिसून आलें कीं, दोन्ही मापें आपापल्या जागीं खरीं आहेत. वजन गुणिलें वेग हें माप धक्क्याचें. आणि वजन गुणिलें वेगाचा वर्ग ह्याचें निम्में, हें माप कार्यशक्तीचें, म्हणजे छर्रा लांकडांत किती खोल शिरेल त्याचें.

हा निकाल ऐकून कोणी चटकन् म्हणेल, मग झालेंच ! वेगाचा वर्ग होतो, वजनाचा होत नाहीं. तर हलक्यांतला हलका छर्रा घ्यावा, वेग वाढवावा, म्हणजे शक्ति आपोआप वाढली. ह्या तर्कांत एक छिद्र आहे. वेग फुकट मिळत नाहीं. स्प्रिंगच्या पोटांत जितकी शक्ति आपण दाबून भरली, तितकीच फार तर बाहेर यावयाची. आणि तीहि सगळी येत नाहीं. एखाद्या धट्ट्याकट्ट्या माणसास अंगणांत उभें करून प्रथम पिसांचा गोळा, मग लिंबू, आणि शेवटीं घरांतील वरवंटा फेकावयास सांगा. पिसांचा गोळा त्याच्या पायांशीं पडेल, वरवंटा फार दूर जाणार नाहीं, आणि सर्वांत लांब जाईल तें लिंबू. हात तोच, बळ तेंच. पण त्या हातास मानवेल असें एक वजन असतें. प्रत्येक हातास जसें असतें, तसेंच प्रत्येक बंदुकीसहि असतें.

परंतु छर्ऱ्याचा वेग मोजावयाचा कसा ? डोळ्यांना तो दिसतहि नाहीं. हें कोडें सोडविलें बेंजामिन रॉबिन्स ह्या इंग्रज गणितज्ञानें. १७०७ सालीं बाथ ह्या गांवीं जन्मलेल्या ह्या गृहस्थानें १७४२ सालीं तोफविद्येचीं नवीं तत्त्वें सांगणारें एक लहानसें पुस्तक लिहिलें. त्यांत त्यानें एका लंबकाचें वर्णन केलें आहे. लोखंडी दांडीस एक जाड फळी टांगावयाची, तिच्यावर गोळी झाडावयाची, आणि गोळी रुतून फळी किती मागें झुलली तें तिला बांधलेल्या फितीनें मोजावयाचें. फळीचें वजन ठाऊक, गोळीचें वजन ठाऊक, झोंका मोजलेला. मग गोळीचा वेग केवळ गणितानें निघतो. घरच्या मापांत सांगावयाचें तर, एक पौंड वजनाचा ठोकळा चार फूट दोऱ्यांनीं टांगला, आणि त्यांत ८ ग्रेनांचा छर्रा सेकंदास ८०० फूट वेगानें रुतला, तर ठोकळा चार इंचांहून किंचित् कमी मागें सरतो. अदृश्य वेग अशा रीतीनें शाळकरी मुलाच्या पट्टीवर उतरतो. शिक्षकाच्या व्यवसायांत चाळीस वर्षें घालविलेल्या माझ्यासारख्याला ह्याहून सुंदर प्रयोग ठाऊक नाहीं.

रॉबिन्सनें ह्या लंबकानें आणखी एक गोष्ट शोधून काढली. हवा म्हणजे कांहींच नव्हे, तिचा गोळीला कितीसा अडथळा होणार, असा तोंपर्यंत अनेकांचा समज होता. लंबक जवळ व दूर ठेवून वेग मोजतां, हवेचा विरोध कल्पनेच्या कितीतरी पट अधिक असल्याचें त्याला आढळलें; आणि गोळीचा वेग ध्वनीच्या वेगाच्या आसपास पोंचतांच हा विरोध एकाएकीं वाढतो, हेंहि त्याच्या ध्यानीं आलें. गणितज्ञांचा मुकुटमणि ऑयलर ह्यानें १७४५ सालीं ह्या पुस्तकाचें जर्मन भाषांतर स्वतःच्या विस्तृत टीकेसह प्रसिद्ध केलें. पुढें ईस्ट इंडिया कंपनीनें रॉबिन्सला आपल्या किल्ल्यांच्या बांधकामासाठीं मुख्य अभियंता म्हणून हिंदुस्थानांत पाठविलें. १७५० सालीं तो येथें उतरला, आणि पुढल्याच वर्षीं, १७५१ च्या जुलई महिन्यांत, कडलूरजवळील सेंट डेव्हिड किल्ल्यांत तापानें वारला. त्याचा लंबक मात्र पुढें शंभराहून अधिक वर्षें तोफखान्यांतून झुलत राहिला.

आतां बंदुकीच्या इतिहासाकडे येऊं. हवा दाबून तिच्या बळानें वस्तु फेकण्याची कल्पना फार जुनी. इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियस ह्यानें दाबलेल्या हवेवर चालणारें फेकयंत्र केल्याचें ग्रीक ग्रंथांत वर्णिलें आहे. अठराव्या शतकांत ह्या कल्पनेनें खरें शस्त्र झालें. बार्तोलोमेओ जिरार्दोनी ह्या टायरोलच्या कारागिरानें केलेली हवेची रायफल १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यानें स्वीकारली. तिच्या दस्त्यांतच हवेची लोखंडी टांकी असे. ती भरण्यास पंपाचे सुमारें १५०० झटके द्यावे लागत. आणि एकामागून एक वीस-बावीस गोळ्या झाडतां येत. अमेरिकेंत १८०३ ते १८०६ ह्या वर्षांत लुइस व क्लार्क ह्यांनीं पश्चिमेकडे जी सुप्रसिद्ध शोधयात्रा केली, तींतहि एक हवेची रायफल होती, आणि ती झाडून दाखवून वाटेंतील लोकांस चकित केल्याच्या नोंदी लुइसच्या रोजनिशींत आहेत.

ह्या जातीच्या बंदुकींत हवा आधींच दाबून सांठविलेली असते, हें विशेष लक्षांत ठेवावें. झडप उघडतांच ती गोळीच्या मागें धांवते. गोळी जड असली तर ती नळींत अधिक वेळ राहते, तितका वेळ हवा तिला ढकलीत राहते, आणि त्यामुळें जड गोळीस बहुधा अधिक शक्ति लाभते. टांकीच्या बंदुकीचा हा नियम स्प्रिंगच्या बंदुकीस जशाचा तसा लावला म्हणजे घोटाळा होतो. कारण स्प्रिंगच्या बंदुकींत सांठविलेली हवा मुळीं नसतेच.

ही स्प्रिंगची बंदूक घरोघर पोंचली ती अमेरिकेमुळें. १८७० नंतरच्या दशकांत न्यूयॉर्क राज्यांतील हर्किमर गांवीं क्वाकेनबुश ह्यानें, आणि जवळच्याच इलियन गांवीं हॅव्हिलंड व गन ह्या जोडीनें, अशा बंदुका विकावयास आरंभ केला. मिशिगन राज्यांतील प्लिमथ येथें लोखंडी पवनचक्क्या करणारी एक कंपनी होती. तिनें १८८८ च्या सुमारास शेतकऱ्यांस चक्कीबरोबर देण्यासाठीं एक लहान हवाबंदूक काढली. चक्की मागें पडली व बंदूक पुढें गेली. इतकी कीं, १८९५ सालीं कंपनीनें आपलें नांवच बदलून बंदुकीचें 'डेझी' हें नांव धारण केलें. ह्या बंदुकींत गोल छरे घालीत, नळी आंतून गुळगुळीत असे, आणि छर्ऱ्याच्या वजनाचा विचार करण्याचें कोणास कारण नव्हतें. मुलाचें खेळणें म्हणून ती ठीक होती. नेमबाजी म्हणावी अशी तिच्यांत नव्हती.

ती आली इंग्लंडांत. बर्मिंगहॅमचा बंदूककार लिंकन जेफ्रीस ह्यानें १९०४ सालीं स्प्रिंगच्या रायफलीचा एक आराखडा नोंदविला, आणि पुढल्याच वर्षापासून बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स ह्या कारखान्यानें ती रायफल तयार केली. तिची नळी न मोडतां घट्ट बसविलेली असे, स्प्रिंग खालच्या दांड्यानें दाबली जाई, आणि नळीच्या आंत मळसूत्री खांचा पाडलेल्या असत. बोअर युद्धानंतर इंग्लंडांत नेमबाजीची मोठी हौस उत्पन्न झाली होती. बर्मिंगहॅमच्या आसमंतांतील पानगृहांत मंडळी जमून लोखंडी पत्र्यांतील बारीक भोंकांतून नेम मारीत. छर्रा नेमका आंत गेला कीं मागली घंटा वाजे. गांवोगांवचे संघ आणि त्यांच्या स्पर्धा सुरू झाल्या. घंटा वाजते कीं नाहीं एवढाच जेथें प्रश्न असतो, तेथें छर्रा किती वेगानें गेला ह्याची फुशारकी चालत नाहीं. मागच्या ठिकाणींच पुढचा छर्रा पडतो कीं नाहीं, हेंच एक पाहावें लागतें. छर्ऱ्याच्या आकाराचा व वजनाचा गंभीर विचार येथून सुरू झाला असें म्हणावयास हरकत नाहीं.

ह्याच सुमारास छर्ऱ्यास आजचें रूप आलें. मध्यें बारीक, दोन्ही टोंकांस रुंद, पुढलें डोकें भरीव आणि मागला घेर पोकळ. थोडक्यांत म्हणजे आपला डमरूच. युरोपांत दोरीवर नाचविण्याचें 'डायबोलो' नांवाचें जें खेळणें आहे, त्यावरून ह्या छर्ऱ्यास तेंच नांव पडलें. ह्या आकाराची योजना मोठी हुशारीची आहे. मागला पातळ घेर हवेच्या दाबानें फुगून नळीस चिकटतो, त्यामुळें हवा निसटत नाहीं. मधली कंबर बारीक असल्यामुळें नळीशीं घर्षण थोडें होतें. आणि भार पुढें व पोकळी मागें असल्यामुळें, हवेंतून जातांना मागचा घेर ओढला जाऊन छर्ऱ्याचें तोंड सरळ राहतें. बॅडमिंटनच्या फुलाचेंहि असेंच असतें. आणि हा खेळ एकोणिसाव्या शतकांत पुण्याच्या छावणींतील इंग्रज अधिकारी 'पूना' ह्या नांवानें खेळत, हें अनेकांस ठाऊक असेल.

आतां बंदुकीच्या पोटांत डोकावूं. चाप ओढतांच स्प्रिंग सुटते व तिच्या पुढचा दट्ट्या सिलिंडरांतील हवा रेटीत पुढें झेपावतो. आरंभीं छर्रा हलत नाहीं. दट्ट्या जवळजवळ शेवटापर्यंत पोंचतो, हवा मूळच्या जागेच्या अगदीं लहान अंशांत कोंडली जाते, तिचा दाब व उष्णता एकदम चढते, आणि त्या क्षणीं छर्रा सुटतो. हें सर्व सुमारें सेकंदाच्या शंभराव्या भागांत घडतें. ह्यावरून ध्यानांत येईल कीं, छर्रा हा केवळ प्रवासी नव्हे. तो त्या सिलिंडराचा क्षणभराचा बूच आहे. त्यानें हवा अडवून धरली म्हणूनच तिची गादी तयार होते आणि दट्ट्या त्या गादीवर टेकतो.

छर्रा फार हलका असेल तर तो लवकर सुटतो. गादी नीट भरण्यापूर्वींच हवा निघून जाते, आणि दट्ट्या सिलिंडराच्या तोंडावर आदळतो. ह्याची पराकाष्ठा म्हणजे छर्रा न घालतां चाप ओढणें. कांहीं तरुणांना असें रिकामें झाडण्याची खोड असते. तिनें दट्ट्याची पुढली वाटी व स्प्रिंग ह्यांचा नाश होतो, म्हणून बंदूककार तें निषिद्ध सांगतात. उलट, छर्रा फार जड असेल तर तो उशिरां हलतो. दाब भलताच चढतो, दट्ट्या त्या कठीण गादीवर आपटून मागें उसळतो, आणि छर्रा नळींत असतांनाच त्याच्या मागचा जोर ओसरतो. बंदुकीस दुहेरी हिसका बसतो, स्प्रिंगवर ताण पडतो, आणि शक्ति वाढण्याऐवजीं बहुधा कमी होते. म्हणजे दोन्ही टोंकांस हानि आहे. मध्यें कोठें तरी असें एक वजन असतें कीं, दट्ट्या गादीवर हळूच टेकतो व त्याच वेळीं छर्रा पुरता जोर घेऊन बाहेर पडतो. तेंच त्या बंदुकीचें योग्य वजन होय.

ह्या अंतरंगाचा कसून अभ्यास इंग्लंडांतील कार्ड्यू पितापुत्र व त्यांचे सहकारी ह्यांनीं केला, आणि १९७६ सालीं तो पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाला. त्यांचा एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. त्यांनीं बंदुकींत साध्या हवेऐवजीं नायट्रोजन वायु भरून ती झाडली, तेव्हां वेग पुष्कळच उतरला. नायट्रोजनांत कांहीं जळत नाहीं. ह्यावरून सिद्ध झालें कीं, जोरकस स्प्रिंगच्या बंदुकींत तेलाचा सूक्ष्म अंश दर वेळीं जळतो व तो छर्ऱ्यास साहाय्य करतो. मात्र हें वाचून कोणी नळींत तेल ओतूं नये. प्रमाणाबाहेर तेल एकदम पेट घेतें. त्यानें वेग क्षणभर वाढलासा दिसला तरी नेम बिघडतो, स्प्रिंग तुटते आणि झाडणारासहि धोका पोंचतो.

आतां आंकड्यांचें एक उदाहरण घेऊं. इंग्लंडांत १९६८ च्या कायद्यास अनुसरून १९६९ सालीं जे नियम झाले, त्यांनीं परवान्यावांचून ठेवतां येणाऱ्या हवेच्या रायफलीची मर्यादा १२ फूट-पौंड ठरविली. म्हणजे बारा पौंड वजन एक फूट उचलण्यास जितकें काम पडतें तितकी शक्ति. एवढ्या शक्तीनें ७ ग्रेनांचा छर्रा सेकंदास सुमारें ८७८ फूट जाईल, ८·४ ग्रेनांचा सुमारें ८०२ फूट, आणि १०·५ ग्रेनांचा सुमारें ७१७ फूट. तिघांची शक्ति एकच. वेग मात्र निरनिराळे. कायदा करणारांनीं वेग न पाहतां शक्ति पाहिली, ती एवढ्यासाठींच. पण विक्रीची पेटी ही कायद्याची पोथी नव्हे. तिच्यावर सर्वांत मोठा दिसणारा आंकडा छापावयाचा असतो, आणि सर्वांत हलका छर्रा घातला कीं तो मिळतो. 'सेकंदास हजार फूट' असें वाचून मुलाचे डोळे विस्फारतात; तो वेग किती ग्रेनांच्या छर्ऱ्याचा, हें तो विचारीत नाहीं.

शिवाय असा वेग उपयोगाचाहि नसतो. ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें ११०० फूट. त्याच्या आसपास हवेचा विरोध एकदम वाढतो, हें रॉबिन्सनें पावणेतीनशे वर्षांपूर्वीं दाखविलें. डमरूच्या आकाराचा छर्रा तेथें डगमगूं लागतो व नेम सोडतो. त्यांतून हलक्या छर्ऱ्याचा वेग वाटेंतच लवकर उतरतो. मध्यम छर्रा सावकाश निघून आपला वेग अधिक टिकवितो. निघतांना जो पुढें होता, तोच पोंचतांना पुढें असतो असें नाहीं.

मग निवड करावी कशी ? पद्धति साधी आहे, पण चिकाटी पाहिजे. साधारण शक्तीच्या ४·५ मिलिमीटर बंदुकीस साडेसात ते साडेआठ ग्रेन, आणि ५·५ मिलिमीटर बंदुकीस चौदा-पंधरा ग्रेन, येथून आरंभ करावा. जवळपासच्या तीन-चार वजनांचे चांगल्या घडणीचे छर्रे आणावे. प्रत्येक जातीचे दहा छर्रे त्याच अंतरावरून, त्याच बैठकींत, निरनिराळ्या कागदांवर झाडावे. आधींच्या जातीच्या शिशाचा लेप नळींत राहिलेला असतो, म्हणून नवी जात घेतांना पहिले कांहीं छर्रे हिशेबांत धरूं नयेत. स्प्रिंगच्या बंदुकीस हिसका असतो, म्हणून ती कठीण आधारावर दाबून न धरतां तळहातावर सैल विसावूं द्यावी; मग ती दर वेळीं सारखीच हलते. शेवटीं पट्टी घेऊन प्रत्येक कागदावरील भोंकांचा विस्तार मोजावा. ज्याचा विस्तार सर्वांत लहान, तो छर्रा आपला. वजनाइतकेंच महत्त्व नळींत छर्रा कसा बसतो ह्याला आहे. घट्टहि नको, सैलहि नको. एकाच कारखान्याच्या दोन बंदुकांची आवड निराळी निघते, म्हणून शेजाऱ्याच्या अनुभवावर विसंबूं नये. छर्रे शिशाचे असल्यामुळें काम संपतांच हात धुवावे, ते तोंडांत धरूं नयेत. लक्ष्यामागें छर्रा अडविणारा भक्कम आडोसा असावा, डोळ्यांवर चष्मा असावा, आणि मुलांबरोबर जाणतें माणूस असावें.

हें केवळ हौशी माणसाचें शास्त्र नव्हे. १९६० नंतरच्या दशकांत जर्मनीच्या फाइनवेर्कबाउ कारखान्यानें हिसका न जाणवणारी स्प्रिंगची रायफल काढली व स्पर्धांत ती पुष्कळ वर्षें गाजली. पुढें तिची जागा आधीं दाबलेल्या हवेच्या रायफलींनीं घेतली. १९८४ सालीं दहा मीटरची हवाई रायफल ऑलिंपिकमध्यें आली. तेथें लक्ष्याचा मध्यबिंदु अवघा अर्धा मिलिमीटर असतो. छर्रा असतो आठ ग्रेनांच्या आसपास, चपट्या तोंडाचा. आणि त्याचा वेग हजार फूट तर सोडाच, सेकंदास पावणेसहाशे फुटांच्या आगेंमागें असतो. २००० सालीं सिडनी येथें मुंबईच्या अंजली भागवत ह्याच खेळाच्या अंतिम फेरींत पोंचल्या, २००८ सालीं बीजिंग येथें अभिनव बिंद्रा ह्यांनीं भारताला व्यक्तिगत खेळांतील पहिलें सुवर्णपदक मिळवून दिलें, आणि २०२२ सालीं कैरो येथें ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील जगज्जेते झाले. जगांतील अत्यंत अचूक नेमबाज वेगाच्या मागें लागत नाहींत, हें आपल्या मुलांस दाखविण्यासारखें आहे.

शेवटीं एका मुंबईकर मुलाची गोष्ट सांगतों. १८९६ सालीं जन्मलेले सलीम अली दहा-अकरा वर्षांचे असतांना त्यांनीं आपल्या हवेच्या बंदुकीनें एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी, असें त्यांनीं मामांस विचारलें; मामा अमीरुद्दीन तय्यबजी ह्यांनीं त्यांना मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलार्ड ह्यांच्याकडे पाठविलें; आणि त्या एका प्रश्नांतून भारताचा सर्वश्रेष्ठ पक्षिशास्त्रज्ञ निर्माण झाला. १९८५ सालीं लिहिलेल्या आत्मचरित्रास त्यांनीं त्या चिमणीच्या पडण्याचेंच नांव दिलें. पण प्रत्येक चिमणीमागें सलीम अली निघत नाहीं. बहुतेक पांखरें नुसतीं मरतात. आणि हलक्या छर्ऱ्यानें लांबून, अंदाजानें झाडलें तर मरतहि नाहींत, पंख मोडून झुडपांत तडफडत राहतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें अशी शिकार आतां अपराध ठरविली आहे, आणि तें योग्यच झालें. कायदा नसता तरी, आपण झाडलेल्या वस्तूच्या अंगीं किती बळ आहे हें ज्यास ठाऊक नाहीं, त्यानें ती कोणत्याहि जिवाकडे रोखूं नये.

तात्पर्य, श्रोतेहो, छर्ऱ्याच्या वजनाचा प्रश्न दिसतो चार गुंजांचा, पण त्यांत मोठी शिकवण आहे. वेगाचा आंकडा चटकन् डोळ्यांत भरतो, वजनाचा भरत नाहीं. आणि दोन्ही एकत्र मांडल्यावांचून शक्तीचा हिशेब होत नाहीं. ग्राव्हेसांडनें माती मोजली, रॉबिन्सनें झोंका मोजला, बर्मिंगहॅमच्या मंडळींनीं घंटेचा नाद ऐकला. पेटीवरच्या जाहिरातीवर कोणीच विसंबला नाहीं. घरांत मुलानें हवेच्या बंदुकीचा हट्ट धरला, तर ती घेऊन देण्यापूर्वीं त्याच्या हातीं एक लहान कांटा, एक पट्टी आणि चार कागद द्यावे, आणि कोणता छर्रा योग्य तें त्यालाच शोधून काढावयास सांगावें. तेवढी चिकाटी त्याच्या अंगीं असेल तर बंदूक त्याच्या हातीं सुरक्षित आहे. नसेल, तर ती अद्याप दुकानांतच राहिलेली बरी.